रमाबाईंची नम्रता

आमच्या सोलापूरच्या मंडळीत साक्ष द्यायला उभं राहिलेल्या माणसाची सुरुवात बहुतेक वेळा ठरलेली असते : मी नालायक, मी पापी, मी पायाची धूळ. शब्बाथशाळेत शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण हे वाक्य ऐकलं की अजून मला काळजी वाटते. कारण पुढच्या वेळी साक्षीसाठी नाव घेतलं नाही, तर हाच माणूस महिनाभर रुसून बसतो.

येशूच्या दाखल्यातला परूशी खोटं बोलत नव्हता. तो खरोखर उपास करत होता, दशांश देत होता. पण प्रार्थना करताना त्याचा एक डोळा मागच्या जकातदारावर होता. गर्वाला शेजारी कोणीतरी कमी लागतंच. ‘मी सगळ्यांत पापी’ म्हणणाराही मनात तीच मोजदाद करत असू शकतो.

नम्रता मुलांना शिकवायची तर मी पंडिता रमाबाईंबद्दल सांगते. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं, तिथेच त्यांचं मुक्ती मिशन. बाईमाणसाने शास्त्राचं नाव काढू नये असा तो काळ. आणि 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून विधवा आणि पोरक्या मुली केडगावला आणल्या. अक्षरओळखही नसलेल्या या बायकांना स्वतः वाचता यावं, म्हणून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांच्या जिभेवर हजारो संस्कृत श्लोक होते, त्यांनी जड शब्द वेचून वेचून बाजूला ठेवले. खिळे जुळवायला, छपाईला मुक्तीतल्याच बायका. जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण बायबल लोकांच्या हाती आलं ते 1924 साली.

आणि याच रमाबाई कोणापुढे वाकल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून खडाजंगी वाद घातला. चर्च सांगतं म्हणून मान डोलवायची, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोकांनी हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्यातल्या पुष्कळ घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिलेले. त्यांना पिढ्यानपिढ्या वाकायलाच लावलं. अशा घरातल्या मुलीला ‘नम्र राहा, उलट बोलू नकोस’ असं सांगणं मी पाप समजते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त आपण होऊन खाली उतरतो. त्याला कोणी ढकललेलं नाही. उतरायचं कोणी, तर जो वर बसला आहे त्याने. लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याच्या 1895 च्या बाप्तिस्म्यानंतरही सोवळं पाळत राहिल्या. ते सुटलं ते स्वतःच्या विचाराने, आणि मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारं आडपडदा न ठेवता सांगितलं आहे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र पाय मागे घेतो. मुलांना तो फार नम्र वाटतो. मला तिथे त्याचा गर्व दिसतो. दुसऱ्याची सेवा करणं एक वेळ जमतं, कारण करणारा वरचढच राहतो. दुसऱ्याकडून करून घेणं जड जातं. आमच्याकडे आजारपणात मंडळीतल्या विडी वळणाऱ्या बाईने आणलेली भाकरी ‘कशाला त्रास घेतला’ म्हणत परत पाठवणारे शिकलेले लोक आहेत. मी त्यांना पेत्राची ही गोष्ट पुन्हा वाचायला सांगते.

आता नाताळचं प्रीतिभोजन जवळ आलं आहे. पंक्ती उठल्यावर हंडे-परातींशी दरवर्षी त्याच चार बायका बसतात. यंदा भांड्यांची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी, आणि त्यात पंचांची आणि पाळकांचीही नावं असावीत, असा अर्ज मी पंचांकडे दिला आहे.