पाखरांची हजेरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी निमंत्रण दिले तेव्हा मी समजलो की, कामगार चळवळीवर बोलावयाचे आहे. गेली तीस वर्षे मी दुसरे काही बोललेलो नाही. पण ते म्हणाले, "या वेळी पाखरांवर बोला." मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. विज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही आणि कुठलीच पदवी नाही. तरी गेली काही वर्षे मुळशी तालुक्यातील एका निसर्गमंडळाबरोबर मी पाखरे मोजतो, झाडांच्या नोंदी ठेवतो, आणि त्या नोंदी शास्त्रज्ञांच्या कामी येतात. हे कसे घडते आणि त्यात तुमच्याआमच्यासारख्यांनी का पडावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. तरुणपणी मी एका ओतकाम कारखान्यात होतो. तेथे धुळीने कामगारांना खोकला लागे. आम्ही निवेदन दिले, घोषणा दिल्या, आणि बोलणी करण्यास बसलो. समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारले, "किती जणांना? कोणत्या पाळीत? केव्हापासून?" आम्ही एकमेकांची तोंडे पाहिली. खोकला खरा होता, पण कागदावर नव्हता. त्या दिवशी आम्ही हात हलवीत परत आलो. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही विकत घेतली आणि रोज लिहू लागलो : तारीख, पाळी, नाव, कोण आजारी, कोण रजेवर. वर्षाने तीच वही घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा धूळ ओढून घेणारे पंखे बसले. जे लिहिलेले नाही त्याची बाजू मांडता येत नाही, हे मी तेथे शिकलो. पाखरांच्या बाबतीतही तेच खरे आहे, हे मात्र मला पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

मुळशी तालुका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, मधे पिरंगुटचे कारखाने, पुढे पौड, मग भातखाचरे, धरणाचे पाणी, आणि शेवटी ताम्हिणीचे जंगल व कोकणात उतरणारा घाट. एका तालुक्यात इतके प्रकार क्वचितच असतील. आणि हे सर्व डोळ्यांदेखत बदलत आहे. डोंगर फोडले जातात, माळावर बंगले उठतात, ओढे नळ्यांत घातले जातात. "पूर्वी इथे किती पाखरे होती!" असे जो तो म्हणतो. पण किती? कोणती? कोणत्या महिन्यात? येथे आपलीही गत कारखान्यातल्या आमच्यासारखीच होते.

सामान्य माणसांनी मोजावे आणि शास्त्राने ते वापरावे, ही कल्पना नवी नाही. १९०० साली अमेरिकेत नाताळच्या दिवशी पाखरे मारण्याच्या शर्यती लागत. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीअभ्यासकाने सुचविले की, त्या दिवशी पाखरे मारण्याऐवजी मोजावीत. पहिल्या वर्षी २७ माणसे आली. ती गणना आजही दरवर्षी चालते. आपल्याकडे पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना १९८७ पासून होत आली आहे. हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी केव्हा येतात व केव्हा जातात हे टिपण्यासाठी २००७ मध्ये मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला. आता ई-बर्ड या संगणकीय खात्यात मोबाइलवरून नोंद करता येते. या नोंदींच्या आधारे २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्यासाठी तीस हजारांहून अधिक लोकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. एवढे नोकर कोणते सरकार नेमील? हे काम शिक्षकांनी, डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी, निवृत्त कारकुनांनी केले.

आता कुणी म्हणेल, हौशी माणसांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवावयाचा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हजेरीपटात आहे.

कारखान्याच्या हजेरीपटात 'हजर' जितके महत्त्वाचे तितकेच 'गैरहजर' महत्त्वाचे. हजेरी घेणाऱ्याने आपल्या आवडीच्या चार माणसांचीच नावे लिहिली, तर बाकीचे आले नव्हते की लिहावयाचे राहिले, हे कुणालाच कळणार नाही. पाखरांचेही असेच. म्हणून पहिला नियम असा की, जेवढी ओळखली तेवढी सर्व लिहावयाची. मोर लिहिला आणि कावळा सोडला, असे चालत नाही. यादी पूर्ण असली म्हणजे तिच्यात जे नाही तेही बोलू लागते. दुसरा नियम वेळेचा. किती मिनिटे उभे राहिलो, किती चाललो, हे लिहावयाचे. आठ तासांत शंभर नग काढणारा आणि दोन तासांत शंभर नग काढणारा सारखे नव्हेत, हे कामगाराला शिकवावे लागत नाही. तिसरा नियम : खात्री नसेल तर नाव देऊ नये. 'ओळखता आला नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

अशा याद्या पुष्कळ झाल्या म्हणजे काय होते ते पाहा. समजा, एका भागातील शंभर याद्यांपैकी चाळीस याद्यांत नीलपंख आहे. दहा वर्षांनी शंभरांपैकी पंधरांतच तो सापडला, तर कुणीही शास्त्रज्ञ म्हणेल की काही तरी बिघडले. एकाची चूक दुसऱ्याच्या नोंदीत बुडून जाते, कल मात्र टिकतो. शिवाय एखादी नोंद विचित्र वाटली, तर जाणकार स्वयंसेवक ती तपासतात आणि नोंद करणाऱ्याला विचारतात. नीलपंखाचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. माळावर तारेवर बसणारा हा देखणा पक्षी देशभर कमी होत चालला आहे, असे २०२३ च्या अहवालाने दाखविले. त्याच अहवालात मोर आणि कोकिळा वाढल्याचेही आहे.

मोजणी आपल्या समजुतीही सुधारते. चिमणी नाहीशी झाली, असे आपण सर्व म्हणतो. पण नोंदींनी असे दाखविले की, मोठ्या शहरांत ती कमी झाली, देशभराचा विचार करता मात्र तिची स्थिती बरीचशी स्थिर आहे. रडावयाचे तर नेमके कशासाठी रडावयाचे, हेही मोजणीने कळते.

मोजणीच्या प्रामाणिकपणाविषयी माझी स्वतःचीच एक फजिती सांगतो. जानेवारीतील एका सकाळी आम्ही तळ्यावर पाणपक्षी मोजीत होतो. पाणकावळ्यांचा मोठा थवा उठला. माझ्या तोंडून सवयीने निघाले, "लिहा पाचशे!" मंडळाची एक कॉलेजातली मुलगी वही धरून उभी होती. ती म्हणाली, "काका, मोजले किती?" मी गप्प. मग तिने मला शिकविले की, आधी दहा पाखरे मोजावीत, त्या दहांनी थव्याचा केवढा तुकडा व्यापला ते डोळ्यांत धरावे, आणि मग तसे किती तुकडे भरतात ते पाहावे. थवा पुन्हा फिरून आला. आकडा निघाला एकशे चाळीस. श्रोतेहो, मोर्च्याला दोन हजार माणसे आली की वर्तमानपत्राला दहा हजार सांगावयाचे, ही आमच्या धंद्यातली खोड. मोर्च्यात ती खपून जाते, कारण पोलिसही आपल्या बाजूने कमीच सांगतात. पण पाखरांच्या बाजूने किंवा विरुद्ध सांगणारे दुसरे कुणी नसते. आपण फुगवून सांगितले, तर उद्या जो खरे मोजील त्याला वाटेल, साडेतीनशे पाखरे मेली! तेव्हापासून मी मोर्चेही दहादहांनी मोजू लागलो आहे.

आणखी एक अडचण मला कामगार म्हणून विशेष जाणवते. रविवारी सकाळी मोटारी निघतात आणि ताम्हिणीला जाऊन थांबतात. तेथे शेकरू दिसते, नीलवंत फुलपाखरू दिसते, आणि सुंदर छायाचित्रे मिळतात. जरूर जावे. पण त्यामुळे ताम्हिणीच्या रविवारच्या नोंदी ढीगभर, आणि पिरंगुटच्या कारखान्याच्या भिंतीपाशी मंगळवारी काय असते याची नोंद एकही नाही. बदल तर भिंतीपाशीच अधिक होत आहे. म्हणून मी आमच्या पोरांना सांगतो : पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या बाभळीखाली पंधरा मिनिटे उभे राहा. साळुंकी, बुलबुल, सातभाई, कोतवाल, वेडा राघू, जे दिसेल ते लिहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात धोबी पक्षी शेपटी हलवीत कोणत्या तारखेला आला, ते लिहा. ती नोंद ताम्हिणीच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.

एका सभासदाने मला सरळ विचारले, "साहेब, ही बिगार नव्हे काय? आपण फुकट राबावयाचे आणि नाव दुसऱ्याचे!" मला प्रश्न आवडला. बिगारीत काम करणाऱ्याला हिशेब दिसत नाही. येथे तुमची नोंद तुमच्या नावावर राहते, आणि निष्कर्ष सर्वांना उघडे असतात. मात्र दोन गोष्टींवर डोळा ठेवला पाहिजे. जंगलाची रोजची राखण हे पगाराचे काम आहे. स्वयंसेवक मिळतात म्हणून वनमजुरांच्या जागा रिकाम्या ठेवणे मला मान्य नाही. दुसरी गोष्ट, मुळशीतील कातकरी, धनगर आणि महादेव कोळी माणसांना जे ठाऊक आहे ते आपल्या पुस्तकात नाही. एकदा एका कातकरी मामांनी आवाजावरून सहा पाखरे सांगितली, तेव्हा आम्हांला दुर्बिणीतून दोनच दिसली होती. त्यांचे ज्ञान घ्यावयाचे तर सन्मानाने घ्यावे, त्यांचा वाटा नोंदीत लिहावा, आणि त्यांना सभेत पुढच्या रांगेत बसवावे.

या नोंदींचा आपल्या गावाला काय उपयोग? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत एक समिती असावी लागते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते. या नोंदवहीच्या कल्पनेचा पाया घालण्यात पुण्याचे माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. वही कायद्याने आहे, पण तिची पाने भरावयाची कुणी? निसर्गमंडळाच्या तारीखवार नोंदी तेथे गेल्या, तर उद्या एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत कुणी विचारील, "येथे काय होते?" तेव्हा आपल्याला तोंडे पाहात बसावे लागणार नाही.

मुळशीच्या मातीला याचा अर्थ अधिक कळावा. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, आणि पुढे सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला. धरण झाले. खोऱ्याचे पाणी डोंगराखालून भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. माणसांची झुंज इतिहासात राहिली, हे योग्यच झाले. पण बुडालेल्या त्या खोऱ्यात कोणत्या झाडाला केव्हा फूल येई आणि कोणते पाखरू कोठे घरटे करी, याची वही मी शोधली ती मला मिळाली नाही. विजेचा हिशेब राहतो, पाण्याचा राहतो. जे बोलू शकत नाहीत त्यांचा हिशेब कुणी तरी ठेवावयास हवा.

तेव्हा माझी विनंती लहान आहे. घराजवळचे एक झाड निवडा. आंबा, पळस, पांगारा, बहावा, कोणतेही. आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर उभे राहून पालवी, फूल, फळ यांपुढे 'नाही', 'थोडे' किंवा 'पुष्कळ' एवढेच लिहा. सीझनवॉच नावाचा उपक्रम अशाच नोंदी देशभरातून गोळा करतो. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते, तिच्यात पंधरा मिनिटे द्या. घरट्यांजवळ जाऊ नका, आणि दुर्मीळ पक्ष्याचा ठावठिकाणा चव्हाट्यावर मांडू नका. मोबाइल नसेल तर शंभर पानी वही पुरे. मी तिच्यावरच सुरुवात केली.

आज वसंत आहे. येथून घरी जाताना रस्त्यावरच्या बहाव्याकडे एकदा पाहा. फुलला असेल तर आजची तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत आपण भेटू, तेव्हा मी ती तुम्हांला विचारणार आहे.