तालमीचा खुराक आणि घरचें ताट

आहाराच्या जाणकाराचा सल्ला घेऊन जेवावें, ही कल्पना आज शहरांत नवी मानली जाते. परंतु कोल्हापुरास ती नवी नाहीं. तालमींतील वस्ताद हा केवळ डाव शिकविणारा गुरु नव्हे. शिष्यानें काय खावें, किती खावें आणि केव्हां खावें, हें ठरविणाराही तोच.

राजर्षि शाहू छत्रपतींच्या आश्रयानें येथें मल्लविद्या बहरली व १९१२ सालीं खासबागेचें मैदान सिद्ध झालें. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत बाहेरगांवचीं मुलें राहतात. पहांटे जोर-बैठका, मग आखाड्यांतील लढत, आणि त्यानंतर खुराक: बदाम, खसखस, बडीशेप व मिरें घोटून केलेली थंडाई, म्हशीचें दूध, तूप, अंडीं आणि मटण. अनेक शेतकरी कुटुंबें पोटाला चिमटा घेऊन हा खर्च सोसतात.

आतां प्रश्न असा कीं, हाच खुराक कचेरींत बसून काम करणाऱ्या गृहस्थानें घ्यावा काय? हिशेब करून पाहूं. एक लिटर म्हशीच्या दुधापासून सुमारें १००० कॅलरी मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणें ६५ किलो वजनाच्या, बैठें काम करणाऱ्या पुरुषास दिवसाकाठीं सुमारें २१०० कॅलरी पुरतात. म्हणजे दोन लिटर दुधांतच त्याची बहुतेक गरज संपली. भाकरी, भात व तूप हें सारें वरकड झालें. प्रथिनांचेंही तसेंच. सामान्य माणसास वजनाच्या दर किलोमागें सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. कसून मेहनत करणाऱ्यास १.२ ते २ ग्रॅमपर्यंत लागूं शकतात. मेहनत नसतां घेतलेला खुराक बळ न होतां चरबी होतो. पैलवानालाही हा नियम चुकत नाहीं. कुस्ती सुटली पण ताट तेंच राहिलें, तर पुढें वजन वाढतें आणि मधुमेह व हृदयविकार यांचा धोका बळावतो.

याच्या उलट बाजूही ध्यानांत घ्यावी. ऑलिंपिकमधील कुस्ती वजनाच्या गटांवर चालते. कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजांत शिकलेले खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला ५२ किलोच्या गटांत सहावे आले व १९५२ सालीं हेलसिंकीस ५७ किलोच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. २०२४ सालीं पॅरिसमध्यें विनेश फोगाट ५० किलोच्या गटाच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचली, आणि केवळ १०० ग्रॅम वजन अधिक भरल्यानें अपात्र ठरली. १९९७ सालीं अमेरिकेंत तर घाम गाळून घाईनें वजन उतरवितांना तीन विद्यार्थी मल्ल प्राणांस मुकले. एका रात्रींत उतरतें तें बहुतांशीं शरीरांतील पाणी, चरबी नव्हे.

म्हणून वस्तादाची रीत घ्यावी, त्याचें मापटें नव्हे. वस्ताद शिष्यास रोज पाहतो, त्याची झोंप, भूक व दम यांची चौकशी करतो आणि त्याप्रमाणें खुराक कमीअधिक करतो. आहारतज्ज्ञाचें कामही हेंच. त्याच्यापाशीं जातांना आठवडाभर जें खाल्लें तें सर्व, चहाबरोबरची बिस्किटें धरून, खरेंखरें लिहून न्यावें. वजन, कमरेचा घेर आणि रक्ततपासणी यांची नोंद ठेवावी. एका वेळीं एक-दोनच बदल करावे आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां भेटून परिणाम पहावा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस विचारल्याशिवाय प्रथिनें वाढवूं नयेत. जो सल्लागार आपली विचारपूस न करितां भुकटीचा डबा पुढें करतो, किंवा महिन्यांत दहा किलो उतरविण्याची हमी देतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. घरच्या भाकरी, उसळ, पालेभाजी व ताकांतूनच ज्याला आपलें ताट मांडतां येतें, त्याचा सल्ला वर्षानुवर्षें पाळतां येतो.