विश्लेषण : संकलित प्रोग्रामला स्वतःची ओळख कशी राहते?

बल्गेरियातील सोफिया येथे जून २०२५ मध्ये झालेल्या बैठकीत ‘सी प्लस प्लस’च्या प्रमाणीकरण समितीने ‘रिफ्लेक्शन’ला मंजुरी दिली. म्हणजे काय, आणि ‘गो’ या भाषेत ते आधीपासून असताना इतका उशीर का?

नावे कुठे जातात?

कंपायलर प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवतो, तेव्हा नावे गळून पडतात. ‘ग्राहक’ या रचनेत ‘नाव’ आणि ‘शिल्लक’ असे रकाने असतील, तर यंत्राला एवढेच पुरते : पहिला शून्याव्या बाइटपासून, दुसरा सोळाव्या. पण हीच नोंद जेसन स्वरूपात दुसऱ्या यंत्रणेला पाठवायची तर नावे हवीतच. प्रत्येक रचनेसाठी हाताने कोड लिहिणे हा एक उपाय. कंटाळवाणा आणि चुकांना आमंत्रण देणारा.

‘गो’ने काय केले?

२००९ मध्ये खुल्या झालेल्या या भाषेचा कंपायलर प्रकारांची माहितीपत्रकेच तयार फाइलमध्ये ठेवतो. रकान्याचे नाव, प्रकार, तो कितव्या बाइटवर आहे, हे सारे त्यात असते. ‘इंटरफेस’मध्ये ठेवलेल्या मूल्यासोबत दोन पत्ते फिरतात. रिकाम्या इंटरफेसमध्ये एक या पत्रकाचा, दुसरा प्रत्यक्ष माहितीचा. ‘रिफ्लेक्ट’ पॅकेज पहिल्या पत्त्यावर जाऊन पत्रक वाचते. जादू काही नाही.

मग अडचण काय?

कंपायलरने आधीच पकडली असती अशी चूक आता प्रोग्राम चालू असताना, म्हणजे ग्राहकासमोर, उघड होते. काही चुका तर तेव्हाही बोलत नाहीत. ‘गो’मध्ये रकान्याचे नाव इंग्रजी लहान अक्षराने सुरू झाले की तो खासगी ठरतो आणि जेसनमधून गुपचूप वगळला जातो. शिल्लक गायब, पण तक्रार नाही! शिवाय कोणती पद्धत बोलावली जाईल हे चालू असतानाच ठरणार असेल, तर लिंकरला न वापरलेल्या सार्वजनिक पद्धती छाटता येत नाहीत, फाइल फुगते. थेट कोडपेक्षा वेगही कमीच.

‘सी प्लस प्लस’चा मार्ग वेगळा का?

न वापरलेल्या सोयीची किंमत मोजायची नाही, हा या भाषेचा जुना हट्ट. १९९८च्या प्रमाणकात वस्तूचा प्रकार ओळखता येई, रकाने मात्र नाही. त्यामुळे ‘क्यूटी’ने ‘मॉक’ नावाचे कोड लिहून देणारे साधन बनवले. नवे रिफ्लेक्शन संकलनाच्या वेळीच काम उरकते. चालू प्रोग्राममध्ये पत्रके हवी असतील, तर ती कोणत्या प्रकारांसाठी ठेवायची हे प्रोग्रामरने ठरवायचे.