जत्रेतला तमाशा की शहरातलं संगीत नाटक? वयात येणाऱ्या पोरांना घेऊन जाण्याआधी हे बघा

अहिल्यानगर : चैत्र लागला की जिल्ह्यात गावोगावी जत्रा सुरू होतात. दुपारी शेरणी वाटली जाते, संध्याकाळी छबिना निघतो आणि रात्री तमाशाचं स्टेज उभं राहतं. इथंच घराघरात एक प्रश्न येतो. आठवी-दहावीतली पोरं म्हणतात, आम्हालाही बघायचंय. वडील म्हणतात, पोराला चालेल, पोरगी घरी थांबेल. आई म्हणते, दोघंही नको. शेवटी पोरगं मित्रांबरोबर मागं उभं राहून मोबाईलवर नाच शूट करतं, पोरगी घरी टीव्ही बघते आणि गाण्याचं नाटक सगळ्यांनी मिळून बघायची संधी त्याही वर्षी जाते.

काय बघायचं, काय टाळायचं, हे आधी माहीत असलं तर ही वेळ येत नाही.

तमाशा म्हणजे फक्त नाच नव्हे

आजकाल ऑर्केस्ट्रा, डीजेवरचा लावणी शो, कला केंद्रातली संगीत बारी आणि ढोलकी फडाचा तमाशा या सगळ्यांना लोक सरसकट 'तमाशा' म्हणतात. या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. ऑर्केस्ट्रा आणि लावणी शोमध्ये नुसती गाणी आणि नाच असतो. संगीत बारीत बैठकीची लावणी आणि अदाकारी असते, ती मोठ्यांसाठी आहे. ढोलकी फडाच्या तमाशात मात्र पूर्ण नाटक असतं. आधी गण, मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या आणि मावशीचा विनोद. त्यानंतर बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. हा वग म्हणजेच गोष्ट. ती ऐतिहासिक असते, पौराणिक असते, नाहीतर दारू, हुंडा, सावकारी अशा विषयांवरची असते.

अडचण अशी की रंगबाजीच लांबते आणि वग मध्यरात्रीच्या पुढं जातो. ध्वनी प्रदूषणाचे नियम 2000 सालापासून लागू आहेत. रात्री 10 नंतर स्पीकर बंद, आणि वर्षातले ठरावीक दिवसच 12 पर्यंत सवलत. त्यामुळं कार्यक्रम उशिरा सुरू झाला की पहिली कात्री वगाला लागते. म्हणजे घरच्यांनी बसून बघावं असं जे असतं, तेच राहून जातं.

यावर उपाय गावाच्याच हातात आहे. जत्रा कमिटी सुपारी द्यायला नारायणगावला जाते, तेव्हा तिथल्या राहुट्यांमध्ये तारीख आणि रक्कम ठरते. त्याच वेळी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : वग कोणता करणार, आणि कार्यक्रम संध्याकाळी 7 ला सुरू होईल का? बायका-पोरांसाठी पुढं वेगळी बसायची जागा ठेवली तर मागची हुल्लडही आपोआप कमी होते. बऱ्याच गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. कुस्त्यांचा हगामा सुरू व्हायच्या आधी भर उजेडात फड कला सादर करतो. पोरांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर हजेरी सोयीची.

या मातीतली कला

पोरांना नेण्याआधी एक गोष्ट जरूर सांगावी. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या. पठ्ठे बापूरावांच्या फडात त्यांनी नाव कमावलं. कांताबाई सातारकर यांनीही संगमनेरला घर केलं. वगनाट्यात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. 2021 मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्याच जिल्ह्यातल्या बाईनं स्टेजवर महाराज उभे केले, हे कळल्यावर पोरं त्या स्टेजकडं वेगळ्या नजरेनं बघतात. शिट्ट्या मारायच्या नाहीत, कलावंताचा परवानगीशिवाय व्हिडिओ काढायचा नाही, हे मग फार समजवावं लागत नाही.

अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून, वाद्यांच्या तालावर सोंगं नाचतात. तिकीट नाही, आणि लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे एकत्र बसतात.

शहरात जायचं असेल तर कोणतं नाटक?

मराठी संगीत नाटकाची मोठी सुरुवात 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'नं झाली. त्यातली कितीतरी जुनी नाटकं वेगवेगळ्या संस्था अजून करतात. प्रत्येक नाटक कायम चालू असतंच असं नाही, म्हणून जाहिरात बघून ठरवावं. वय आणि विषय बघून निवड अशी करता येईल :

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी 'संगीत सौभद्र' (1882). सुभद्रेला अर्जुन हवा आहे, भाऊ बलरामाला तिचं लग्न दुर्योधनाशी लावायचंय, आणि मधे कृष्णाची युक्ती. गोष्ट घरोघरी माहीत असल्यानं गाण्यात अडकायला होत नाही. बाराव्या वर्षापासून कुणीही बघावं.

मुली असलेल्या घरांनी 'संगीत शारदा' (1899). गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो. सव्वाशे वर्षं झाली तरी 'स्थळ चांगलं आलंय' म्हणून पोरीची शाळा सुटते, हे आपल्याकडं नवीन नाही. आज कायद्यानं मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण लागतं. पुष्कळांना वाटतं की 1929 च्या शारदा कायद्याला या नाटकाचं नाव मिळालं. तसं नाही. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, नाटकात शारदा जीव द्यायला निघते. तो प्रसंग झाल्यावर घरी मोकळं बोलणं व्हायला पाहिजे.

लग्नाळू पोरांच्या घरात 'संगीत मानापमान' (1911). कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक. श्रीमंत घरातली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, मग वेश बदलून त्याला जवळून ओळखते. 'शेतकरी नवरा नको' हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, त्या घराला यातलं भांडण लगेच कळेल.

जरा मोठ्या पोरांसाठी 'एकच प्याला' (1919). राम गणेश गडकऱ्यांच्या या नाटकात हुशार वकील सुधाकर दारूपायी संसाराची राख करतो. शेवट फार दुःखाचा आहे, लेकराचाही जीव जातो. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना नको. घरात कुणी पिणारं असेल तर टोमणा मारायला म्हणून हे नाटक दाखवू नये, पोरं आणखी मिटतात.

गाण्याची आवड असलेल्यांसाठी 'कट्यार काळजात घुसली' (1967). पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक. दोन घराण्यांच्या गाण्यातली ईर्षा. यावर 2015 ला सिनेमा आला, तो बऱ्याच पोरांनी पाहिलाय. सिनेमात आणि नाटकात काय बदललं, हे शोधायला त्यांना मजा येते.

वारकरी घरांसाठी 'संगीत देवबाभळी' (2017). नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं. तुकोबांची भाकर घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तिची काळजी घ्यायला खुद्द रखुमाई येते. स्टेजवर दोनच बायका. दोघींचीही नवऱ्याबद्दल तक्रार. आईबरोबर बघावं असं.

नव्या पद्धतीचं काही हवं असेल तर 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' (2012). राजकुमार तांगडे यांचं लेखन, संभाजी भगत यांची गाणी, नंदू माधव यांचं दिग्दर्शन. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या शेतकरी पोरांनी हे नाटक राज्यभर गाजवलं. आपल्यासारखीच बोलणारी माणसं स्टेजवर आहेत, हे पोरांना भारी वाटतं.

'घाशीराम कोतवाल' (1972) नाच-गाण्यानं भरलेलं आहे, पण त्यात बाप सत्तेसाठी पोटच्या पोरीचा सौदा करतो. सोळा-सतरा वर्षांच्या पुढंच न्यावं.

जाण्याआधी हिशोब

नगर शहरात सावेडीचं माउली सभागृह आहे. संगमनेर, अकोले, कोपरगावकरांना नाशिकचं कालिदास कलामंदिर बरं पडतं, तर पारनेर, श्रीगोंदेकरांना पुणे. तिकीट 'बुक माय शो' किंवा 'तिकिटालय' अ‍ॅपवर निघतं. चार माणसांचं तिकीट, एसटीचं भाडं आणि खाणं धरून आकडा मोठा होतो, म्हणून थोडं जपून :

- दुपारचा प्रयोग निवडा. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते.
- नाटक किती तासांचं आहे ते विचारा. जुनी नाटकं आता कमी वेळेत करतात, तरी तीन तास धराच.
- महागडं तिकीट परवडत नसेल तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या तारखा बघा. तिथं नाममात्र दरात नाटक मिळतं. संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी होते.
- दोन नाटकं निवडून त्यातलं एक पोरांना ठरवू द्या. त्यांनी निवडलेलं असलं की कंटाळा आला तरी कुरकुर कमी होते.
- आदल्या दिवशी त्या नाटकातलं एखादं पद मोबाईलवर ऐकवा. ओळखीची चाल आली की पोरं सावरून बसतात. शेवट मात्र सांगू नका.

परत येताना पोरांना 'काय शिकलास?' असं विचारू नये. कोणाचं पटलं, कोणाचा राग आला, एवढंच विचारावं. 'शारदा' बघून आलेली पोरगी त्या उत्तरात स्वतःच्या लग्नाबद्दल बोलून जाऊ शकते. तेव्हा आई-वडिलांनी मधे न बोलता ऐकून घ्यावं.

यंदाच्या जत्रेची वर्गणी द्यायला जाल तेव्हा कमिटीला वगाचं नाव आणि सुरू व्हायची वेळ जरूर विचारा. चार घरांनी विचारलं तरी कमिटीला उत्तर शोधावं लागतं.