तारेचे टाके घालणाऱ्या रूथबाई

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देते. आमच्या चौथीच्या वर्गात शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेचा असतो. आणि कितीतरी शुक्रवारी तो तास मी गणिताला घेतला आहे. "भागाकार मागे राहिलाय, चित्रं काय घरीही काढता येतात," असं म्हणायचं आणि फळ्यावर उदाहरण घालायचं. मुलं बिचारी रंगपेट्या परत दप्तरात ठेवतात. एकदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "बाई, मग गणिताचा तास चित्रकलेला कधी मिळणार?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या प्रश्नामुळे मला एका कलावंत बाईंची गोष्ट आठवली. साध्या तारेतून त्यांनी असं काही विणलं, की लोक बघतच राहिले. त्यांचं नाव रूथ असावा.

रूथचा जन्म २४ जानेवारी १९२६ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या नॉरवॉक या गावी झाला. आईवडील जपानहून आलेले. दुसऱ्याची जमीन कसायची, भाजीपाला पिकवायचा आणि बाजारात न्यायचा, हा त्यांचा उद्योग. जमीन स्वतःच्या नावावर करायची म्हटलं, तर तिथला कायदा जपानी माणसाला ती परवानगीच देत नव्हता. घरात सात भावंडं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि शेतात जायचं. शनिवारी जपानी शाळा असे. तिथे कुंचल्यानं अक्षरं गिरवायची.

शेतात सपाटी करायला घोडा जुंपलेलं एक अवजार असे. छोटी रूथ त्याच्या मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसायची. अवजार पुढे जाई आणि तिच्या पायांच्या बोटांनी मातीत लांबच लांब नागमोडी रेघा उमटत. कुठे फुगीर, कुठे निमुळत्या. तेव्हा तो निव्वळ खेळ होता. पण हे आकार लक्षात ठेवा हं, पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

रूथ पंधरा वर्षांची असताना सगळंच बदललं. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर या बंदरावर बॉम्बहल्ला केला आणि दोन्ही देशांत युद्ध पेटलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांकडे सगळे संशयानं बघू लागले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सरकारी माणसं आली आणि रूथच्या वडिलांना पकडून घेऊन गेली. त्यांचा गुन्हा काय? काहीही नाही. पुढे कित्येक वर्षं रूथला वडील दिसलेसुद्धा नाहीत.

मग उरलेल्या कुटुंबाची पाळी आली. सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरदार, शेतं, दुकानं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक जण तर जन्मानं अमेरिकेचेच नागरिक होते. रूथचं कुटुंब आधी सांता अनिता इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ठेवलं गेलं. राहायला काय मिळालं असेल? घोड्यांचे तबेले! भिंतींना घोड्यांचा वास आणि त्यातच अंथरूण.

पण त्याच मैदानात एक नवल घडलं. कैदेत आलेल्यांमध्ये वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत चित्रपटांसाठी चित्रं काढणारे काही कलाकार होते. त्यांनी मुलांना गोळा केलं आणि प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवर बसून चित्रकला शिकवायला सुरुवात केली. रूथ तासन्‌तास चित्रं काढू लागली. शेतीची कामं नव्हती, वेळच वेळ होता. काही महिन्यांनी या कुटुंबाला आर्कन्सा राज्यातल्या रोहर इथल्या छावणीत हलवलं. तिथे दलदल होती, पहाऱ्याचे मनोरे होते आणि भोवती काटेरी तार. त्या छावणीतच १९४३ साली रूथचं शालेय शिक्षण पुरं झालं.

रूथला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. शिष्यवृत्ती मिळवून ती मिलवॉकी या शहरातल्या अध्यापक महाविद्यालयात दाखल झाली. तीन वर्षं मन लावून शिकली. आता शेवटचा टप्पा राहिला, सराव पाठांचा. मी स्वतः डी.एड. केलंय, त्यामुळे सराव पाठ म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभं राहून शिकवायचं. ते झाल्याशिवाय शिक्षक होता येत नाही. पण जपानी वंशाच्या मुलीला आपल्या वर्गात उभं करायला एकही शाळा तयार झाली नाही. पदवी राहिली, ती राहिलीच.

कुणीही खचून गेलं असतं. रूथनं वेगळी वाट धरली. १९४६ साली ती ब्लॅक माउंटन कॉलेज या अगदी निराळ्या कॉलेजात गेली. तिथे विद्यार्थी शेतीही करत, भांडीही घासत आणि मोठ्या कलावंतांकडून शिकतही. जोसेफ अल्बर्स नावाचे तिचे शिक्षक साध्यासुध्या वस्तूंकडे नव्यानं बघायला शिकवत. हाताशी जे असेल त्यातून काय घडू शकतं ते शोधा, असा त्यांचा धडा होता.

१९४७ च्या उन्हाळ्यात रूथ मेक्सिकोतल्या टोलुका या गावी गेली होती. तिथल्या बाजारात तिला तारेच्या टोपल्या दिसल्या. अंडी ठेवायच्या, अगदी रोजच्या वापरातल्या. आपल्याकडे बुरूड बांबूच्या टोपल्या विणतात, तशा तिथले कारागीर तारेच्या विणत होते. रूथनं त्यांच्याकडून ती विणकामाची रीत शिकून घेतली. बाजारातला तो कारागीर हाच तिचा गुरू झाला, असं म्हणायला हरकत नाही.

ही रीत कशी? तुमच्या आईला किंवा आजीला स्वेटर विणताना पाहिलंय ना? तसंच काहीसं. तारेचा एक फासा करायचा, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. पहिली ओळ झाली की पुढच्या ओळीतला प्रत्येक फासा वरच्या फाशात अडकवायचा. ओळीत टाके वाढवले की पोट फुगतं, कमी केले की गळा निमुळता होतो. लोकरीच्या जागी पितळेची, तांब्याची नाहीतर लोखंडाची तार, आणि मुख्य हत्यार म्हणजे आपली बोटं. तारेची टोकं बोटांना टोचायची, पण काम थांबत नसे.

आधी रूथनं टोपल्याच केल्या. मग तिला वाटलं, टोपलीचं तोंड मिटवलं तर? ते मिटवून तार पुन्हा आतल्या बाजूला वळवली तर? झालं! एका भोपळ्याच्या पोटात दुसरा भोपळा, त्याच्या पोटात तिसरा, आणि सगळे एकाच सलग विणीचे. आतली बाजू बाहेर येते आणि बाहेरची आत जाते. ही शिल्पं छताला टांगतात. पुतळा दगडाचा असला तर पलीकडचं काही दिसत नाही. इथे मात्र सगळं आरपार दिसतं, आणि भिंतीवर पडणारी सावलीही बघत राहावीशी वाटते. त्यांचे फुगीर-निमुळते आकार बघा. शेतातल्या मातीत पायाच्या बोटांनी काढलेल्या त्याच रेघा!

१९४९ साली रूथचं अल्बर्ट लॅनियर या वास्तुशिल्पकाराशी लग्न झालं आणि ती सॅन फ्रान्सिस्कोला राहू लागली. सहा मुलं झाली. वेगळी कार्यशाळा नव्हतीच. घरातच तारेची वेटोळी पडलेली, मुलं भोवती खेळतायत आणि आईचं विणणं चाललंय. १९६२ साली कुणीतरी वाळवंटातली एक वाळकी वनस्पती आणून दिली. तिचं चित्र काढायला रूथ बसली, पण फांद्यांचा गुंता काही कागदावर उतरेना. मग तिनं तारांची जुडी बांधली आणि एकेक तार फांदीसारखी फाकवत नेली. त्यातून शिल्पांची आणखी एक नवीनच तऱ्हा जन्माला आली.

आता सराव पाठांचं पुढे काय झालं ते सांगते. रूथची मुलं शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की शाळेत हातानं काही करायला फारसं मिळतच नाही. १९६८ साली तिनं एका मैत्रिणीबरोबर अल्वराडो या प्राथमिक शाळेत कला कार्यशाळा सुरू केली. दुधाचे रिकामे खोके, अंड्यांचे पुठ्ठे, कापडाचे तुकडे, जे मिळेल ते वापरायचं. पालकांनी यायचं, खऱ्या कलावंतांनी यायचं आणि मुलांबरोबर काम करायचं. ही कार्यशाळा पुढे शहरातल्या अनेक शाळांत पोहोचली. म्हणून इथून पुढे आपण त्यांना रूथबाईच म्हणू या.

रूथबाईंनी मुलांना मैदा आणि मिठाच्या कणकेची चित्रं करायला शिकवलं. पुढे शहरात एक मोठं कारंजं करायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी शाळेतल्या मुलांनाही हाताशी घेतलं. मुलांनी आणि मोठ्यांनी त्या कणकेतून सॅन फ्रान्सिस्कोतली घरं, रस्ते, माणसं घडवली. मग त्या सगळ्याचं ओतकाम काशात झालं. १९७३ सालचं ते कारंजं शहराच्या भर वस्तीत आहे. ज्यांनी तेव्हा इवलंसं घर केलं होतं, ती मुलं आता आजी-आजोबांच्या वयाची झाली असतील!

१९८८ साली अमेरिकेच्या सरकारनं छावण्यांबद्दल माफी मागितली. १९९४ साली सान होजे शहरात त्या दिवसांचं स्मारक उभं राहिलं, तेही रूथबाईंच्या हातचं. मनात कडवटपणा मात्र त्यांनी ठेवला नाही. १९९८ साली मिलवॉकीच्या विद्यापीठानं त्यांना राहिलेली पदवी दिली, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या कला विद्यालयासाठी त्या झटल्या, त्याला २०१० साली त्यांचंच नाव दिलं गेलं. ज्या मुलीला एका वर्गात उभं राहू दिलं नाही, तिच्या नावाची आज अख्खी शाळा आहे! ऑगस्ट २०१३ मध्ये रूथबाई वारल्या. २०२० साली त्यांच्या शिल्पांची टपाल तिकिटं निघाली.

आता तुमच्यासाठी काम. चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि दीड वाटी पाणी घ्या. सगळं चांगलं मळून घ्या आणि आपली गल्ली घडवा. घरं, झाड, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, काहीही. (खायचं मात्र नाही हं, फार खारट लागतं!) पालकांनो, ओटा खराब होईल. एक दिवस होऊ द्या.

आणि आमच्या वर्गाचं म्हणाल, तर गेल्या शुक्रवारी शेवटचा तास चित्रकलेचाच झाला. भागाकार अजून मागेच आहे. तो सोमवारी करू.