पडलेल्याला उठवणारा गडी

मे महिन्याची सुट्टी म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतल्या पोरांना फुटबॉलशिवाय दुसरं काही सुचत नाही. यंदा मात्र ऊन उतरेपर्यंत चार-पाच जण आमच्याच सोप्यात कागद-पेन्सिल घेऊन बसू लागले. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आमच्या धाकट्याच्या वाट्याला आला 'क्लेरिक', म्हणजे जखमींना उठवणारा आणि साथीदारांना बळ देणारा धर्मसेवक.

दादींनी हे ऐकलं आणि सहज विचारलं, "बेटा, हा तुझा धर्मसेवक दुआ कुणाकडे मागतो?" पुस्तकात तर कल्पित देवांची यादीच होती. पोरगं गप्प झालं. दुसऱ्या दिवशी मित्र हाका मारत राहिले, तो बाहेर गेला नाही.

'बंद कर ते' म्हणणं सोपं होतं. पण प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आम्ही वर्गात रागावतो, मग घरात तेच कसं करायचं? आम्ही आधी खेळ समजून घेतला.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली हा खेळ प्रसिद्ध केला. त्याआधी आर्नेसन यांच्या घरगुती खेळात एका गड्याचं रक्तपिशाच्च फारच बलवान झालं होतं. त्याला आवर घालायला जे पात्र आणलं, तोच पहिला क्लेरिक. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर देवाऐवजी एखाद्या तत्त्वाला वाहिलेला क्लेरिकही चालतो, असं नियमातच आहे. इथे आम्हाला वाट दिसली.

दुसरा प्रश्न फाशांचा होता. सूरह अल-माइदाच्या 90 व्या आयतीत जुगाराची मनाई आहे, आणि सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये नर्द या फाशांच्या खेळाची सक्त निंदा आहे. पैज नसली तरी फासे टाळावेत, असं बऱ्याच उलेमांचं मत आहे. आम्ही मशिदीच्या इमाम साहेबांना विचारलं. त्यांनी उलट तीन प्रश्न केले : पैसे लावता का? नमाजची वेळ जाते का? मुलाच्या तोंडून शिर्कचे शब्द निघतात का? मग म्हणाले, "फासे सोडा, आणि तिसऱ्या गोष्टीची काळजी घ्या." मुलांनी 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या पिशवीत घातल्या. आमच्या धाकट्याचा क्लेरिक हकीम झाला. मंत्र गेले, औषधाच्या पुड्या आल्या. असर की अझान झाली की पिशवीचं तोंड बांधायचं, हेही ठरलं. मित्रांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. मुलं खेळतात त्या 2014 च्या नियमांत पहिल्या पायरीवरच्या क्लेरिकला मोठे उपचार दोनदाच करता येतात. मग रात्रभर विश्रांती घेतल्याशिवाय काही नाही. आमच्या हकिमानं दोन्ही पुड्या पहिल्याच चकमकीत खरचटण्यावर खर्च केल्या. पुढे जिवलग मित्राचा योद्धा कोसळला. शक्ती शून्यावर आली की गडी बेशुद्ध पडतो, मग दर पाळीला आकडा काढायचा. दहा किंवा त्याहून जास्त आला तर यश. तीन यशांआधी तीन अपयशं आली तर मृत्यू. त्याची तीन अपयशं आधी आली. मित्र दोन दिवस बोलला नाही.

त्या दोन दिवसांत आमच्या मुलानं नियमांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. शक्ती एकानं जरी वाढली तरी पडलेला गडी शुद्धीवर येतो. म्हणून खरचटलेल्याला थांबायला सांगायचं आणि पुडी पडलेल्यासाठी राखायची. एक उपचार साठ फुटांवरूनही होतो आणि त्याच पाळीत गदाही चालवता येते. दुसरा हात लावूनच करावा लागतो, त्यात पाळी जाते, पण गुण जास्त येतो. कुणीही पडण्याआधी तिघांना बळ देणारा एक उपाय आहे. त्यानं त्यांच्या प्रत्येक वारात आणि बचावात 1 ते 4 ची भर पडते. मात्र तो करणाऱ्याला फटका बसला तर एकाग्रता मोडू शकते. तेव्हा ढालीआड राहून आधी स्वतः उभं राहायचं. हकीमच आडवा झाला तर बाकीच्यांना कोण उठवणार?

1974 च्या मूळ नियमांत पहिल्या पायरीच्या क्लेरिकला मंत्र एकही नव्हता. चिलखत, ढाल, गदा घेऊन साथीदारांसोबत उभं राहायचं, हे त्याचं काम. शाहू स्टेडियमवर गोल करणाऱ्याच्या नावानं आरोळ्या उठतात. गोल अडवणाऱ्याचं नाव घरी परतताना निघतं, तेही निघालं तर. क्लेरिकचं तसंच आहे. ज्याला वाहवा हवी, त्यानं हे पात्र घेऊ नये. खिदमतीची नियत असेल, त्यालाच ते जमतं.

पालकांनो, मुलांच्या खेळात आपल्याला खटकणारी गोष्ट दिसली तर ती जरूर अडवा. पण आधी शेजारी बसून बघा. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे तेव्हाच कळतं.

मित्रानं नवा योद्धा बनवला. परवाच्या खेळात तोही कोसळला, पण या वेळी एक पुडी शिल्लक होती. आता संध्याकाळी दादींचा प्रश्न बदलला आहे. तस्बीह बाजूला ठेवून त्या विचारतात, "हकीमसाब, आज कुणाला उठवलंत?"