हेळसांड की अगतिकता?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाड हलले, आणि मागे आजीच्या हवाली राहिलेले एखादे लेकरू शाळेच्या हजेरीपटावर वरचेवर गैरहजर दिसू लागले, तर त्याची हेळसांड होत आहे असे म्हणावे, की ते केवळ दरिद्री घरचे आहे असे म्हणावे, हा सामाजिक कार्यकर्त्यापुढील सर्वांत बिकट प्रश्न होय. अंगावरच्या ठिगळांवरून निवाडा न करता, मुलाला दोन्ही वेळा अन्न मिळते काय, ताप आल्यास दवाखान्यात कोण नेते, रात्री त्याच्यापाशी कोण निजते, याची तो चौकशी करतो. अंगणवाडी सेविका, गुरुजी व शेजारी यांचे म्हणणे ताडून पाहतो. आणि मुलाशी, घरच्यांच्या नजरेआड, सावकाश बोलतो.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये असे मूल ताब्यात घेतल्यास, प्रवासाचा काळ वगळून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते आणि सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करावी लागते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल टाकले, तर ते कृत्य बुद्धिपुरस्सर मानू नये, ही ७५ व्या कलमातील तरतूद मला साऱ्या कायद्यात सर्वांत शहाणी वाटते. म्हणूनच फिर्यादीआधी हंगामी वसतिगृह किंवा बाल संगोपन योजनेचे अनुदान यांचा विचार होतो. मात्र मारहाणीचा वा उपासमारीचा संशय असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०९८ या क्रमांकावर वर्दी द्यावी.